कवीच्या वहीसाठी अधिछात्रवृत्ती हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझा एक माजी विद्यार्थी घरी आला होता. सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याला सात वर्षे झाली, तरी अजून तासिका तत्त्वावरच शिकवतो. त्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. वेल्समधल्या एका विद्यापीठाला तिथल्याच एका कवीच्या कागदपत्रांवर पीएच.डी. करणारा विद्यार्थी हवा होता. विद्यार्थ्याचे शुल्क विद्यापीठ भरणार, राहण्याजेवण्यापुरती रक्कम दरमहा मिळणार, साडेतीन-चार वर्षांची हमी असणार, एक मार्गदर्शक विद्यापीठातला तर दुसरा कागदपत्रे सांभाळणाऱ्या ग्रंथालयातला असणार, आणि कवीच्या वह्या, पत्रे, कच्चे खर्डे यांची सूची तयार करणे हा त्या संशोधनाचाच भाग मानला जाणार, असे तिचे स्वरूप होते. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे एखाद्या कवीची अशी कागदपत्रे एका जागी ठेवलेली आहेत का?" एकतीस वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झाले आणि तरीही मला त्याला एक पत्ता सांगता आला नाही. आपल्या दैनिकाचे वाचक मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आहेत, म्हणून ही गोष्ट आपल्यामार्फत त्यांच्यापुढे मांडते आहे.

ब्रिटनमधला वेल्स काही मोठा देश नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार तिथे वेल्श भाषा बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या १७.८ टक्के आहेत. आपल्या मराठवाड्याची लोकसंख्या २०११ मध्येच १ कोटी ८७ लाखांवर होती. तरीही अॅबरिस्टविथ या समुद्रकाठच्या छोट्या गावात १९०७ साली सनद मिळालेले वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय उभे आहे, आणि बँगोर विद्यापीठात आर. एस. थॉमस या कवीच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र २००० सालापासून चालू आहे. हे थॉमस पेशाने धर्मोपदेशक. खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये त्यांचा जन्म गेला आणि डोंगरउतारावरच्या मेंढपाळ-शेतकऱ्यांवर त्यांनी कविता लिहिल्या. अशा कवींवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना ब्रिटनच्या कला व मानव्यविद्या संशोधन परिषदेकडून पैसे मिळण्याची सोय आहे. विद्यापीठ आणि ग्रंथालय किंवा संग्रहालय यांनी मिळून एक विद्यार्थी घडवायचा, अशी तिची एक संयुक्त योजनाच आहे. २०२५-२६ या वर्षासाठी तिथल्या संशोधक विद्यार्थ्याला मिळणारी किमान वार्षिक रक्कम २०,७८० पौंड ठरवलेली होती. रकमेपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती या योजनेमागची समजूत. कवीची कागदपत्रे लावणे, वाचणे आणि त्यांवर प्रबंध लिहिणे ही तीन माणसांची तीन कामे नसून एकाच अभ्यासकाने सलग करायचे ते एकच काम आहे, हे तिथे मान्य झालेले आहे.

त्यांच्याकडे सगळे सुरुवातीपासून सुरळीत होते, असेही नाही. डिलन थॉमस हा वेल्सचा जगभर वाचला जाणारा कवी. तरुणपणीच्या कवितांच्या चार वह्या त्याने १९४१ मध्ये पैशांच्या ओढाताणीपायी विकून टाकल्या. त्या आज अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात आहेत. पाचवी वही सासुरवाडीला राहिली होती. सासूने ती इतर कागदांबरोबर स्वयंपाकघरातल्या बॉयलरमध्ये जाळण्यासाठी घरकाम करणाऱ्या बाईकडे दिली, पण त्या बाईने ती जाळली नाही, जपून ठेवली. तिच्या पश्चात ती घरच्यांकडे राहिली आणि २०१४ मध्ये, नेमकी कवीच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, लिलावात आली. स्वान्सी विद्यापीठाने ती १,०४,५०० पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे एक कोटी रुपयांना, विकत घेतली. पुढे तिच्यावर विद्यापीठात डॉक्टरेटचे संशोधन झाले आणि २०२० मध्ये टीपांसह संपादित केलेली त्या वहीची आवृत्ती प्रसिद्ध झाली. एका बाईने एक वही चुलीत घातली नाही, एवढ्यावरून हे सारे घडले.

डिलन थॉमस ९ नोव्हेंबर १९५३ रोजी गेला. त्याच्या दोनच महिने आधी, ७ सप्टेंबर १९५३ रोजी, परभणीत बी. रघुनाथ गेले. भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १९१३ चा, परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. डिलन थॉमसचा १९१४ चा. दोघांनाही चाळिशीच्या आसपासचेच आयुष्य मिळाले. बी. रघुनाथ हैदराबादेत शिकले, निजामाच्या राज्यात सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करत राहिले, आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू असलेल्या त्या प्रदेशात बसून त्यांनी मराठी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. 'आलाप आणि विलाप' हा त्यांचा संग्रह १९४१ चा. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा त्यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये आला. परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे, त्यांच्या स्मृतिदिनी कार्यक्रम होतात, त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. या सगळ्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यातल्या कित्येक कार्यक्रमांत मी पहिल्या रांगेत बसलेली आहे. परंतु मरणोत्तर निघालेल्या संग्रहातल्या कवितांचा क्रम कोणी लावला, कवीने त्यांतल्या कोणत्या पक्क्या केल्या होत्या आणि कोणत्या अर्धवट सोडल्या होत्या, छापताना काही बदलले का, हे प्रश्न वर्गात एखाद्या चौकस मुलाने विचारले की मला दरवेळी छापील पुस्तकाकडेच बोट दाखवावे लागे. या प्रश्नांची उत्तरे छापील पुस्तकात नसतात, ती वहीत असतात.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. बी. रघुनाथ इकडे लिहीत होते त्याच सुमारास, १९४३ मध्ये, अॅलन लुईस नावाचा एक तरुण वेल्श कवी ब्रिटिश सैन्याबरोबर पुणे परिसरात येऊन राहिला होता. त्याने आपल्या घाटांवर कविता लिहिली. घाटावरची लाल माती, हातावर पोट असलेला शेतकरी, भूमिहीन शिपाई हे सारे तिच्यात आहे. १९४४ च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो गेला, तेव्हा त्याचे वय २८ होते. त्याने घरी लिहिलेली पत्रेसुद्धा पुढे पुस्तकरूपाने छापली गेली, त्यामुळे आपल्या मातीकडे एका परक्या कवीने कसे पाहिले, हे आज त्याच्याच शब्दांत कळते. त्याच वर्षांत इथला कवी त्याच मातीकडे कसे पाहत होता, हे त्याच्या पत्रांतून वाचावे म्हटले, तर कुठे जावे?

आता आपल्याकडच्या पीएच.डी.विषयी. 'अमुक यांच्या कवितेचा चिकित्सक अभ्यास', 'तमुक यांचे जीवन आणि वाङ्मय' अशा शीर्षकांचे प्रबंध आपल्याकडे ढिगाने आहेत. पहिल्या प्रकरणात जीवनपरिचय, दुसऱ्यात कालखंडाची पार्श्वभूमी, मग आशय, मग अभिव्यक्ती, शेवटी निष्कर्ष. मी स्वतः असाच प्रबंध लिहिला आणि विद्यार्थ्यांकडूनही असेच लिहून घेतले, त्यामुळे दोष कुणा एकाचा म्हणून मी सांगत नाही. विद्यार्थ्याच्या हातात कवीचे छापील संग्रह, त्यांवरची समीक्षा आणि जमल्यास नातेवाइकांची एक मुलाखत, याहून जास्त काही नसते. माझ्या एका विद्यार्थिनीला दिवंगत कवीच्या घरी जाऊन कागद पाहायचे होते. तिच्या अधिछात्रवृत्तीचा, म्हणजे फेलोशिपचा, हप्ता चौदा महिने थकलेला होता, गावोगाव जायला एसटीचे पैसेही नव्हते, आणि जाणत्या मंडळींचा सल्ला होता की छापील पुस्तकांवरच करा, वेळेत संपेल. तिने वेळेत संपवले. ती कुठे कमी पडली, असे मला वाटत नाही. कागदांपर्यंत जाण्याचा रस्ता तिला कुणी करून दिला नव्हता, एवढेच.

त्या कागदांत काय असते, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एक शिक्षक होते, कविता लिहीत. काही कविता नियतकालिकांतून आल्या, संग्रह मात्र निघाला नाही. ते वारल्यावर वर्षश्राद्धाच्या आधी घराची डागडुजी निघाली आणि माळ्यावरची दोन पोती रद्दीवाल्याकडे गेली. मला कळेपर्यंत चार दिवस उलटले होते. रद्दीच्या दुकानात मला एकच चोपडी मिळाली. बाकीचे कागद वजनावर पुढे गेले होते. लाल कापडी बांधणीची, निजामी अमदानीतल्या कुठल्याशा हिशेबाची ती चोपडी, वर उर्दूत छापलेले रकाने, आणि त्या रकान्यांवरून आडव्या लिहिलेल्या मराठी कविता. शाई कुठे निळी, कुठे पाण्याने फिकटलेली. कसरीने खालचा कोपरा कुरतडलेला.

त्यातल्या एका कवितेत पेरणीचे वर्णन आहे. पेरणीच्या अवजारासाठी पहिल्यांदा त्यांनी 'पाभर' असे लिहिले. मग त्यावर एक आडवी रेघ ओढून वर 'तिफण' लिहिले. आणि समासात, उजवीकडून डावीकडे, उर्दू लिपीत बारीक अक्षरांत एक ओळ. मला उर्दू वाचता येत नाही. आमच्या कॉलेजातल्या उर्दूच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती वाचून दाखवली: 'हमारे यहाँ तिफण कहते हैं.' हीच कविता पुढे पुण्याच्या एका नियतकालिकात छापून आली होती, तिचे कात्रण त्याच चोपडीत घडी घालून ठेवलेले होते. त्या कात्रणात 'पाभर' असे छापलेले आहे.

या एका शब्दाच्या प्रवासात मराठवाड्याच्या कवितेची केवढी गोष्ट आहे, ते पाहावे. उर्दू माध्यमातून शिकलेला, पुण्याची पुस्तके वाचून मराठी लिहायला लागलेला एक माणूस आधी पुस्तकातला शब्द लिहितो, मग थांबतो, आपल्या शिवारातला शब्द त्याला आठवतो, तो लिहितो, आणि स्वतःशी बोलताना मात्र शाळेत शिकलेल्या तिसऱ्याच भाषेत बोलतो. आणि शेवटी छापखान्यातून बाहेर पडते ते पुन्हा पुस्तकातलेच. ते संपादकाने बदलले की पाठवताना कवीनेच माघार घेतली, हे त्या दोन पोत्यांतल्या पत्रांवरून कदाचित कळले असते. छापील कवितेवर प्रबंध लिहिणाऱ्याने 'कवीवर पुणेरी भाषेचा प्रभाव दिसतो' असे एक वाक्य लिहिले असते आणि त्याला कुणी चूक म्हटले नसते.

म्हणूनच मराठवाड्यात अशा संशोधनासाठी पैसा द्यायचा, तर त्यात शिक्षणाचाही खर्च धरावा लागेल. १९४८ पूर्वी शिकलेल्या आपल्या पिढीचे शिक्षण आणि नोकरी उर्दूत, घरचे जुने कागद मोडीत, आणि कविता देवनागरीत, असा प्रकार सर्रास होता. आज मराठीत एम.ए. झालेल्या मुलामुलींना यांतल्या पहिल्या दोन लिपी येत नाहीत. हा त्यांचा दोष नाही, त्या कुणी शिकवल्याच नाहीत. आर. एस. थॉमस यांचे उदाहरण इथे पुन्हा आठवते. त्यांनी कविता इंग्रजीत लिहिल्या, वेल्श भाषा ते मोठेपणी शिकले आणि आत्मचरित्र वेल्शमध्ये लिहिले. त्यांच्यावर काम करणाऱ्याला दोन्ही भाषा लागतात. आपल्या संशोधकाला पहिल्या वर्षी मोडी आणि उर्दू वाचता येण्याइतके शिकवावे, त्यासाठी विभागातल्या विभागात उर्दूच्या प्राध्यापकांची मदत घ्यावी. छत्रपती संभाजीनगरात हे सहज शक्य आहे, कारण वली आणि सिराज या जुन्या उर्दू कवींच्या त्या शहरात उर्दूचा अभ्यास कधी खंडित झालेला नाही.

आणि ही काही बाहेरून आणायची विद्या नव्हे. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, लोकांच्या पाठांतरामुळे बिघडलेले पाठ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठशोधनाचे मराठीतले हे पहिले मोठे काम गोदाकाठी झालेले आहे. महानुभावांनी पाठभेदांसह पोथ्या जपल्या. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पस्तीस-चाळीस फूट लांबीच्या कापडावर हाताने लिहिलेला तो ग्रंथ ज्याने पाहिला, त्याला कवीचे हस्ताक्षर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गमावण्याचा अनुभवही आपल्याला आहे. बीडच्या पाटांगणात मिळालेली ज्ञानेश्वरीची पोथी इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापली, परंतु ती मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही, आणि तिच्याविषयीचे वाद मूळ समोर नसल्यामुळे नुसते वादच राहिले.

जुन्या पोथ्यांसाठी निदान कायद्यात आणि शासनाच्या योजनांत जागा आहे. हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षे जुने, अशी व्याख्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात आहे आणि २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मोहिमेनेही तीच मर्यादा पाळली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कवी या व्याख्येबाहेर राहतो आणि त्याची वही पंचाहत्तर वर्षांची होईपर्यंत ती टिकवणे हे कुणाचेच काम नसते. बी. रघुनाथांच्या हातचा शेवटचा कागदसुद्धा २०२८ मध्ये ही मर्यादा ओलांडेल. त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनावरचा प्रताधिकार २०१३ अखेर संपलाही. म्हणजे आता आड येण्यासारखे फारसे काही उरलेले नाही.

माझी विनंती अशी आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथल्या दोन्ही विद्यापीठांच्या मराठी विभागांनी, मराठवाडा साहित्य परिषदेला बरोबर घेऊन, दिवंगत कवींच्या कागदपत्रांवर पीएच.डी.च्या निदान दोन-दोन अधिछात्रवृत्त्या सुरू कराव्यात. विषय विद्यार्थ्याने शोधत फिरायचा नाही. कवी, कुटुंब आणि कागद कुठे ठेवायचे ती जागा आधी ठरवून मग जाहिरात द्यायची. एक मार्गदर्शक विभागातला, दुसरा ग्रंथपाल. पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थ्याने कागदांचा मूळ क्रम न मोडता, गंजलेल्या टाचण्या काढून, प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीने क्रमांक घालून, सूची तयार करावी आणि पाने स्कॅन करावीत. ही सूची प्रबंधाचे एक प्रकरण म्हणून ग्राह्य धरली जावी. आज असे काम केले तर त्याला प्रबंधात कुठे जागा नाही, म्हणून ते कुणी करत नाही. खर्चाचे म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सध्याच्या दराने, पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढची दोन ४२,००० रुपये धरले, तर घरभाडे भत्ता सोडून एका विद्यार्थ्यामागे चार वर्षांत १८ लाख ९६ हजार होतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या घेणारी किती तरी हुशार मुले आपल्या विभागांत आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना हे काम हवे आहे, त्यांच्यासाठी फक्त प्रवासाचा, स्कॅनिंगचा आणि लिपी शिकण्याचा खर्च द्यावा लागेल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. त्यापोटी जे काही मिळेल, त्यातला एक छोटा वाटा इकडे वळवण्याची मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी करावी.

पाण्याची आणि पिकाची चिंता असलेल्या या भागात कवितेच्या वह्यांवर पैसा कशाला, असे कुणी म्हणेल. मी शेतकऱ्याच्या घरातलीच आहे आणि हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. पण आपल्या दुष्काळाविषयी, रझाकारांच्या दिवसांविषयी, पोलीस अॅक्शननंतरच्या गावाविषयी आपल्या माणसांनी स्वतःच्या हाताने जे लिहून ठेवले, ते याच वह्यांत आहे. सरकारी दप्तरात ते सापडणार नाही.

कुटुंबांची अडचण मला समजते. पत्रांत घरातल्या गोष्टी असतात, कर्जाच्या असतात, भावाभावांतल्या असतात. खासगी पत्रे ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची लेखी अट घालून कागद देता येतात आणि चांगली ग्रंथालये ती अट पाळतात. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी आजोबांची, वडिलांची, मामांची अशी वही किंवा पत्रांचे बाड असेल, तर त्यांना हात जोडून सांगणे आहे की रंगकामाच्या किंवा दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी ते रद्दीत घालू नये. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, दमट होते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकवता, लोखंडी कपाटात ठेवावे. पानांना चिकटपट्टी लावू नये. पहिल्या पानावर काही लिहू नये. कुणाचे आहे, कुठून आले, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवावे.

ती लाल चोपडी आज माझ्या कपाटात आहे. तिची मी १४२ पाने मोजली आहेत, ६३ पानांवर कविता आहेत आणि त्यांपैकी १९ पानांच्या समासात उर्दू मजकूर आहे. ज्यांनी ती वाचून दाखवली, ते सहकारी आता राहिले नाहीत, आणि त्यांनी वाचलेल्या ओळींपैकी सातच मी तेव्हा टिपून घेतल्या. शिक्षकांच्या मुलाशी माझे बोलणे झाले आहे. ती कोणत्याही सार्वजनिक संस्थेला द्यायला त्यांची लेखी संमती माझ्याकडे आहे. जी संस्था तिला दाखल क्रमांक देईल, तशी पावती देईल आणि एका विद्यार्थ्याला तिच्यासमोर बसण्याइतका वेळ व पगार देईल, तिच्याकडे मी स्वतः ती घेऊन येईन.

आपली विश्वासू,
मराठीची एक निवृत्त प्राध्यापिका
परभणी